पट्टी मोकळी

माझा चांगोमामा कुणाच्याही घरी गेला तरी लगेच आत यायचा नाही. अंगणात थांबायचा, वाकून चिमूटभर माती उचलायचा, छातीइतक्या उंचीवरनं सोडायचा आणि ती कुठे जाते ते बघायचा. मग चपला काढायचा. लहानपणी आम्हा भाचरांना हा काहीतरी मंत्र वाटायचा. माझ्या सासूबाईंना वाटलं, सुनेच्या माहेरची माणसं करणी करायला आलीत. लग्नानंतर मामा पहिल्यांदा मुरबाडला माझ्याकडे येऊन गेला, त्या दिवशी सासूबाईंनी अंगण दोनदा सारवून घेतलं. सारवलं अर्थात मी.

मामा वारा बघायचा. इतकंच. पण वारा कशासाठी बघायचा, हे सांगायला बसलं की मला त्याची नोकरी सांगावी लागते, आणि ती सांगितली की समोरचा हसतो. म्हणून एवढी वर्षं मी "मामा एअरपोर्टला होता" एवढंच सांगून विषय बदलत आले. आता तो गेल्याला दुसरा पावसाळा आहे. आता हसलं कुणी तर हसू दे.

मामा शहरातल्या जुन्या विमानतळावर पाखरं हाकलायचा.

शहराचं नाव लिहीत नाही, त्याच्याबरोबरची माणसं अजून कुठे कुठे नोकरीत आहेत. खाडीच्या काठाला, वस्तीच्या ऐन मधोमध असलेला तो विमानतळ. चारी बाजूंनी इमारती चढत गेल्या आणि मध्ये एवढा मोठा मोकळा गवताळ तुकडा राहिला. पाखरांना दुसरं काय हवं? आणि इंजिनात पाखरू गेलं तर विमानाचं काय होतं ते सांगायला नको. म्हणून माणूस ठेवलेला. तो माणूस आमचा मामा. शेणव्याच्या पुढच्या एका पाड्यावरचा, चौथी पास, उभा जन्म विमानात न बसलेला.

गावात कुणाला हे पटलंच नाही. माझ्या मामेबहिणीला बघायला किन्हवलीकडची माणसं आली, तेव्हा मुलाच्या बापाने अदबीने विचारलं, "विमानतळावर आपण कोणत्या पदावर?"

मामा म्हणाला, "पाखरं हाकलतो."

ती माणसं खो खो हसली. एवढा मोठा अधिकारी आणि किती साधा, असं त्यांना वाटलं. लग्न ठरलं. मामी आयुष्यभर म्हणायची, "खरं बोलून पोरगी खपवलेला हा एकच बाप."

ही नोकरी त्याला लागली ती दगडामुळे. पावसाळ्यानंतर विमानतळावरचं गवत कापायला आमच्याकडची टोळी जायची, त्यात एका वर्षी मामा गेला. गवत कापलं की किडे उडतात, किडे उडाले की बगळे येतात. त्या दिवशी शंभरेक बगळे धावपट्टीवर जाऊन बसले आणि वरनं विमान यायची वेळ झाली. जीप हॉर्न वाजवत धावली. बगळे दोन पावलं बाजूला झाले आणि पुन्हा बसले. मामाच्या कमरेला गोफण होती, भाताच्या राखणीची. काढताना त्यानं विचार केला नाही. एक दगड सोडला आणि सगळा थवा उठला.

विमान उतरलं, आणि साहेब जीपमधनं उतरले. मामाला वाटलं, आता शाबासकी. साहेबांनी त्याला अशा काही शिव्या दिल्या की त्यातल्या अर्ध्या त्याला कळल्याही नाहीत. धावपट्टीवर दगड? चाकाखाली आला तर? इंजिनात गेला तर? शोध तो दगड, नाहीतर गेटाबाहेर हो. मामा दुपारभर उन्हात वाकून फिरला आणि संध्याकाळी दगड घेऊन आला.

"हाच कशावरून?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, ह्यो भातसा नदीचा हाय. बगा ना कसा गुळगुळीत. तुमच्याकडं असा दगड नाय."

साहेबांनी दगड हातात फिरवून बघितला. मग म्हणाले, "गोफण ठेव. दगड नको. जमेल?"

ते मामाला जमलं. गोफणीच्या सुट्या टोकाला त्यानं घायपाताच्या वाखाचा गोंडा बांधला. रिकामी गोफण डोक्यावर तीनदा फिरवून एक टोक सोडलं की बंदुकीसारखा आवाज निघायचा. त्यावर त्याची ती हाळी, "हाऽऽऽ हू!" आमच्या शेतात ती ऐकून पोपट उठायचे, तिथे घारी उठायच्या.

आणि वारा? पाखरू वाऱ्याकडे तोंड करून उठतं. वारा कुठनं आहे हे कळलं की ते कुठे उठेल हे कळतं, आणि तेवढी बाजू सोडून आपण उभं राहायचं. हे त्याचं शास्त्र. "हाकलायच्या आधी जायाला वाट ठेवायची गो बाय," तो म्हणायचा. "चारी अंगानी हाकललंस तं पाखरू येडं व्हतं, तुझ्याच डोक्यावर येतं." मला वाटतं हे त्यानं मला माझ्या नवऱ्याशी भांडण झालेलं असताना सांगितलं होतं. उपयोग झाला होता, पण कुणाला झाला ते आता आठवत नाही.

विमान यायच्या आधी मामा पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर टाकायचा आणि वॉकीवर दोन शब्द बोलायचा, "पट्टी मोकळी." वरनं टॉवरमधनं उत्तर यायचं, "ओके, चांगो." मग विमान. तीस वर्षं, रोज, दिवसातनं कितीतरी वेळा. इतकी सवय की घरीसुद्धा पानं मांडून झाली, पाट लागले, पाणी ठेवलं की मामा ओटीवर जमलेल्यांना सांगायचा, "पट्टी मोकळी." आम्ही पोरं आतनं ओरडायचो, "ओके, चांगो!" आणि मामी लाटणं घेऊन धावायची. मामाला नावाने हाक मारायची म्हणजे काय! मामा मात्र हसायचा. शेतातला बांध असो, लग्नाचा मांडव असो, मधे कुणी पाय पसरून बसलेलं त्याला खपायचं नाही. "मोकळी जागा आपोआप नाय राहात," तो म्हणायचा. "राखावी लागते. भातापेक्षा जास्त राखावी लागते."

गावात त्याची खरी पत होती ती वेगळ्याच कारणाने. दर वर्षी चैत्र-वैशाखात मामाचा फोन यायचा आणि तो पावसाचं सांगायचा. "यंदा पाऊस लय हाय, गरवा लावा." किंवा, "यंदा बेताचा, हळवा बरा." गरवा म्हणजे उशिरा पिकणारं भात, त्याला पाणी लांबपर्यंत लागतं. हळवा लवकर हाती येतो. अख्खा पाडा त्याच्या फोनवर बियाणं काढायचा. विमानतळावर हवामानाचं मोठं यंत्र असतं आणि चांगोला ते आतनं बघायला देतात, अशी सगळ्यांची खात्री होती. मामाने कधी हो म्हटलं नाही आणि नाही म्हटलं नाही. दहातली सात-आठ वर्षं बरोबर यायचं. बाकीच्या वर्षी यंत्र बिघडलेलं असायचं.

माझं मुरबाडला स्टँडमागे शिलाईचं दुकान आहे. फॉल-पिको, ब्लाउज, आणि ज्याला जे शिवून हवं ते. एकदा मामा रंगीत कापड घेऊन आला, भगव्या-पांढऱ्या पट्ट्यांचं. त्याला खळ्यावर लावायला वाऱ्याची ती लांबोडी हवी होती, विमानतळावर खांबाला लावतात तशी. भात वारवताना वारा कळला म्हणजे फोलपाट तोंडावर येत नाही. हत्तीच्या सोंडेसारखी, तोंडाकडे रुंद आणि शेपटीकडे अरुंद, असं त्यानं हातवारे करून सांगितलं. मी मन लावून शिवली. दुहेरी शिलाई, आतनं अस्तर. आणि शेपटीचं तोंड नीट शिवून बंद केलं, कारण एक टोक उघडं ठेवून गिऱ्हाइकाला माल द्यायचा म्हणजे आमच्या धंद्यात अर्धवट काम.

खळ्यावर ती चढवली आणि वारा आला. लांबोडी फुगली, फणसासारखी गोल झाली, गरगर फिरली आणि बांबूसकट मामीच्या वाळवणावर आडवी झाली.

मामी मला म्हणाली, "तुझ्याकडं ब्लाउज शिवतात त्या बाया श्वास कुठनं घेतात गो?"

मामाने विळ्याने टोक कापून टाकलं. "वाऱ्याला आत घेतलंस बाय," तो म्हणाला, "जायाला वाट नको?"

ती लांबोडी त्या खळ्यावर अजून आहे. रंग उडालाय, पण फिरते. माझ्या हातचं इतकं टिकलेलं दुसरं काही नाही.

मग विमानतळ बंद व्हायचं ठरलं. खाडीपलीकडे नवा मोठा झाला होता, जुन्याची पट्टी आखूड, भोवती इमारती, जागा सोन्याची. पेपरात यायचं. मामा पेपर वाचून घडी घालायचा आणि कामावर जायचा. शेवटच्या विमानाच्या दिवशी हार, फुलं, फोटो सगळं झालं, पण मामा कुठल्याच फोटोत नाही. तो लांब पट्टीच्या कडेला गवतात उभा होता, कारण ते विमान उडायचं होतं आणि घारी होत्या. तो म्हणाला, "पट्टी मोकळी." टॉवर म्हणाला, "ओके, चांगो." विमान गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एका नवरीचं ब्लाउज कापत होते आणि मामाचा फोन आला. त्याच्या निवृत्तीला थोडे दिवस उरले होते, म्हणून तो नेहमीसारखा कामावर गेला होता.

"बाय, पाखरं बसलीत."

"कुठे?"

"पट्टीवर. सगळीकडं. बगळे, घारी, साळुंक्या. अशी कधी बसली नव्हती गो. त्यांना कुनी सांगितलं काय?" आणि मग, "हाकलू का नको?"

मी म्हटलं, "आता विमान नाही ना मामा? मग बसू दे."

"बसू देऊ? मग मी काय करू?"

"तू पण बस."

इतका बिनडोक सल्ला मी त्याआधी कुणाला दिला नव्हता. त्या गडबडीत मी नवरीची डावी बाही दोनदा कापली. पण मामाने ऐकलं. तो धावपट्टीवर जाऊन बसला. तीस वर्षांत पहिल्यांदा. नंतर मला म्हणाला, "चटका बसला गो. केवढी तापते ती. इमानाच्या चाकांना कसं व्हत असंल?"

निवृत्त होऊन मामा गावी आला आणि आमचा सगळ्यांचा गोंधळ सुरू झाला. भात दाण्यावर आलं, पाखरं उतरली, आणि मामा बांधावर बसून नुसता बघत राहिला. मामी शेतातनं ओरडली, "अवो, हाकला ना! मुनियांचा थवा उतरलाय!"

"रिटायर झालो," मामा म्हणाला.

"लोकांच्या इमानावरची हाकलली नि घरचं भात खायाला देताय?"

मामीनेच शेवटी पत्र्याचा डबा बडवत रान डोक्यावर घेतलं. त्या दिवशी मी तिथेच होते, कोणाची बाजू घ्यावी मला कळेना. मामाला विचारलं, असं का? तो म्हणाला, "माहीत नाय गो. हात उचलला नि वाटलं, आता कोनासाठी?" म्हटलं, मामीसाठी. तो म्हणाला, "तिला डबा हाय."

वैशाखात पाड्यावरची माणसं पावसाचं विचारायला आली. यंदा काय म्हणतोय विमानतळ? मामा आतल्या खोलीत जाऊन बसला. मामीने सांगितलं, यंत्र नेलं त्यांनी. त्या वर्षी अर्ध्यांनी गरवा लावला, अर्ध्यांनी हळवा, आणि सगळेच मामावर रागावले.

मग एके दिवशी दारात गाडी थांबली. विमानतळाच्या जागेवर बांधणाऱ्या कंपनीची माणसं, एक तरुण मॅडम आणि तिच्याबरोबर एक नकाशेवाला. मी नेमकी सणाला गेले होते. मॅडम पोरगी चांगली होती. मामीने दिलेला चहा तिने बशीतनं प्यायला. तिने ओटीवर नकाशा पसरला. जिथे इमारती येणार तिथे इमारती, आणि जिथे पट्टी होती तिथे लांबच लांब बाग, तळं, झाडं आणि पाखरं. "आम्हाला इथे पक्षी हवेत काका," ती म्हणाली. "खोदकाम सुरू झाल्यापासून सगळे गेले. कुठला पक्षी कधी यायचा, कुठे बसायचा, हे तुमच्याइतकं कुणालाच माहीत नाही असं सगळे सांगतात."

मामाने माझ्याकडे बघितलं. मी मामीकडे बघितलं. मामी म्हणाली, "तीस वरसं हाकलायला ठेवला नि आता बोलवायला ठेवताय? एकदा काय ते ठरवा ना."

मामा नकाशावर वाकला. कागदावर वारा कळत नसल्याने त्याला वेळ लागला. मग त्याने पट्टीच्या खाडीकडच्या टोकावर बोट ठेवलं. "हितं काय?"

"तिथे क्लब हाऊस आहे."

मामाने बोट उचललं नाही. "मी येतो तिकडं," तो म्हणाला. "जाग्यावर सांगतो." आणि ती माणसं गेल्यावर मला, "तू चल गो संगती. लिफ्टबिफ्ट मला कळत नाय."

होळीनंतरच्या आठवड्यात आम्ही गेलो. मामाने नोकरीतला खाकी शर्ट घातला होता, मीच कॉलर उलटवून दिलेला. कंपनीच्या थंडगार ऑफिसात टेबलाएवढी काचेची पेटी होती आणि तिच्यात सगळं नवं शहर, बोटाएवढ्या माणसांसकट. मामा उभा राहून सांगू लागला. वारा बघता येत नव्हता म्हणून आधी जरा अडखळला. मग थांबलाच नाही. बगळे कधी, गायबगळे कधी, घारी कुठल्या खांबावर, थंडीत बाहेरनं येणारी चिखलातली पाखरं कुठे, घुबड कुठल्या गोदामात. मॅडम टॅबवर भराभर लिहीत होती. मला इतका अभिमान वाटला की मी तिथला चहा दोनदा घेतला.

शेवटी मामाचं बोट काचेवर, क्लब हाऊसच्या छपरावर येऊन थांबलं.

"हितं टिटवी."

"कधी यायची?"

"यायची नाय. राहायची. एक जोडी. दर साल अंडी हितंच, खडीत." मामाने शर्टाची कॉलर नीट केली. ती नीटच होती. "मॅडम, लिहा. माझी चूक हाय. सगळी पाखरं मी हाकलली, ती जोडी नाय हाकलली. तीस वरसं सांगितलं पट्टी मोकळी, नि ती मोकळी नव्हती. एकदा जरी इमानात गेली असती..."

तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा प्रकाश पडला. आमच्याकडे म्हणतात, टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस जास्त आणि सखल जागी घातली तर बेताचा. चैत्र-वैशाखातले ते फोन! अख्ख्या पाड्याचं गरवं-हळवं विमानतळाच्या यंत्रावर नाही, एका पाखराच्या बुडाखाली ठरत होतं. आणि त्यापायी माझा मामा दर वर्षी, दर विमानाला, जीव मुठीत धरून दोन शब्द खोटे बोलत होता. रागवावं, हसावं की पाया पडावं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

मॅडम हसली. वाईट अर्थाने नव्हती हसली. "किती छान गोष्ट आहे काका! पण आता काय फरक पडतो? विमानतळच नाही. उलट आपण तिथे बोर्ड लावू. क्लबलाच टिटवीचं नाव देऊ."

"पाखराला वाचता येतं?" मामाने विचारलं. खोचक नव्हतं ते. त्याला खरंच कळत नव्हतं, या माणसांनी कुठवर मजल मारली असेल.

मला ठाऊक आहे, त्याला शिक्षा हवी होती. निदान शिव्या. ज्यांनी दिल्या असत्या ते साहेब विमानतळ बंद झाला त्याच साली वारले होते. तीस वर्षं पोटात ठेवलेला गुन्हा कबूल करायला माणूस एवढ्या लांब आला आणि घ्यायला कुणी नाही. मी म्हटलं, "मामा, चल, जेवून घेऊ." मला असल्या वेळी जेवणच सुचतं.

"पाया कधी खोदनार?" त्याने मॅडमला विचारलं.

"त्या टोकाचा? पुढच्या महिन्यात."

"म्हंजे अंड्यांवरच." त्याने माझ्याकडे बघितलं. "जाग्यावर जाऊन येऊ."

वॉचमनने आम्हाला पिवळी हेल्मेटं दिली. मामाने आपलं टोपीवरच चढवलं, त्यामुळे ते डोक्याच्या वीतभर वर तरंगत होतं. तीन बाजूंनी पत्र्याचं कुंपण, यंत्रांचा आवाज, धुरळा. पट्टी बरीचशी उखडली होती, फक्त खाडीकडचा तुकडा शिल्लक होता, त्यावरची पांढरी रेघ अजून दिसत होती. त्याच्या टोकाला खडी-मातीचा ढीग. मामा लांबच थांबला आणि मला हाताने अडवलं.

ढिगावर टिटवी बसली होती. दुसरी खाली फिरत होती.

"अंडी हायत?" मी कुजबुजले.

"नाय अजून. खळगा करते ती, बग कशी छाती घासते. आठ दिवसात घालंल." मग स्वतःशीच म्हणाला, "ढिगावर बसली. यंदा पाऊस लय."

"मग मॅडमना सांगू या? महिनाभर थांबा म्हणू."

मामा वाकला, चिमूटभर माती उचलली, सोडली. माती आमच्या अंगावर आली. "वारा खाडीकडनं हाय," तो म्हणाला. "तेवढीच बाजू उघडी हाय. आता उठली तं तिकडंच जातील." आणि खाकी शर्ट वर करून त्याने कमरेची गोफण सोडली. ती त्याने बरोबर आणली होती हे मला माहीत नव्हतं.

"मामा, अरे हीच एक जोडी तर तू..."

"म्हनूनच," तो म्हणाला. "अंडी घातल्यावर ती उठनार नाय गो. मशीन आली तरी नाय उठनार."

तो कुंपणाच्या बाजूने वळसा घालून गेला, खाडीची वाट मोकळी सोडून. गोफण तीनदा फिरली. तो आवाज मी लहानपणापासून ऐकलाय, तरी दचकले. वॉचमन तर खालीच बसला. "हाऽऽऽ हू!" टिटव्या उठल्या, ओरडत डोक्यावर फिरल्या, आणि पुन्हा त्याच ढिगावर येऊन बसल्या. मामाला त्या ओळखत असणार. एवढ्या वर्षांत या माणसाने कधी आपल्यावर हात उचलला नाही, आज काहीतरी चुकून झालं असेल, असं त्यांना वाटत असणार. त्याने पुन्हा हाकललं. त्या पुन्हा आल्या. त्याचा आवाज बसत चालला होता. किती वेळ चाललं मी मोजलं नाही. वॉचमन म्हणाला, "बाई, काका थकतील." मी म्हटलं, "तुम्हीच सांगा त्यांना." तो काही गेला नाही.

शेवटी केव्हातरी त्या उठल्या आणि परतल्या नाहीत. खाडीवरनं, पलीकडच्या चिखलाकडे, ओरडत ओरडत लहान होत गेल्या. मामा बराच वेळ तिकडे बघत उभा राहिला. नंतर सवयीने उजवा हात तोंडाशी नेला, वॉकी धरतात तसा. हातात गोफण होती. त्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर टाकली, पत्रे, यंत्रं, ढीग, उरलेली पांढरी रेघ.

"पट्टी मोकळी," तो म्हणाला.

आणि तसाच उभा राहिला, हात तोंडाशी, हेल्मेट तिरकं. यंत्रांचा आवाज तेवढ्यात थांबला होता. तो कशाची वाट बघतोय ते मला जरा उशिराच कळलं. आजूबाजूला कुणी नव्हतं, वॉचमन आणि मी. लहानपणी यासाठी मी मामीचं लाटणं खाल्लं होतं. चाळिशीच्या बाईने, पिवळं हेल्मेट घालून, सख्ख्या मामाला असं म्हणायचं म्हणजे.

मी म्हटलं, "ओके, चांगो."

तेव्हा कुठे त्याने हात खाली घेतला.